गुडघ्याचा पट्टा, सहा महिन्यांनंतर

रविवारी पेडर रोडचा चढ संपवून चौपाटीकडे उतरत होतो, तेवढ्यात पट्टा सुटून थेट घोट्यावर आला. म्हणून लिहायला बसलो.

वाटीखाली बांधायचा साधा पट्टा, ६९० रुपये. जूनमध्ये घेतला, जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनमधल्या हाफसाठी, म्हणजे २१.०९७ किलोमीटर. दुखणं वाटीच्या मागचं. दादरच्या पुलाचा जिना चढताना फारसं काही नाही, उतरताना मात्र कठडा धरून. पहिल्याच आठवड्यात शिवाजी पार्कचे पाच फेरे कळ न येता झाले. पैसे वसूल म्हणून दोघा मित्रांनाही घ्यायला लावला. त्यांची जाहीर माफी.

कारण व्हेल्क्रो! पावसात आणि घामात त्याची मऊ बाजू पिंजल्यासारखी झाली, आकड्यांत मोज्यांचे धागे. रोज रात्री टाचणी घेऊन बसायचो. आई म्हणायची, "पट्ट्याच्या उवा काढतोयस का?" सप्टेंबरात तर सोडताना चर्र असा आवाजही येईना.

कंपनीची वर्षाची वॉरंटी आहे. फोन केला तर म्हणे व्हेल्क्रो झिजणारच, तो वॉरंटीत नाही. अहो, त्या पट्ट्यात व्हेल्क्रोशिवाय आहे काय? बिल मागितलं, फोटो मागितले, आणि तिसऱ्या दिवशी 'तक्रारीचे निवारण झाले' असा मेसेज.

आता रविवारचं. सगळे पेडर रोडच्या चढाला घाबरतात, माझ्यासारख्याला खरा त्रास पुढच्या उताराचा. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात अंगाचं वजन रोखतात, दाब वाटीवर. पट्टा खिशात कोंबला आणि तसाच मरीन ड्राइव्हच्या टोकापर्यंत गेलो. गुडघा गप्प!

म्हणजे श्रेय फिजिओच्या व्यायामाचं म्हणायचं. तीन महिने रोज भिंतीला टेकून बसणं, पायरीवरून एका पायावर सावकाश उतरणं, कुल्ल्याच्या ताकदीसाठी आडवं पडून पाय उचलणं. शिवाय पावलं आखूड केली, मिनिटाला १६० ची १७० झाली. पट्ट्याबद्दल बाई एवढंच म्हणाल्या होत्या, "बरं वाटत असेल तर बांधा." तेव्हा मला राग आला होता.

काल स्टेशनबाहेर बॅगा शिवणाऱ्या काकांकडून ४० रुपयांत नवा व्हेल्क्रो लावून घेतला. मूळच्यापेक्षा रुंद, दुहेरी शिवण, सोडताना अख्खं घर जागं होईल असा आवाज. गरज नसली तरी शर्यतीला बांधणार. ७३० रुपये झालेत.