सिगारेटची तलफ: व्हेप की निकोटिन गम?

सिगारेट सोडून व्हेपकडे, म्हणजे निकोटिनयुक्त द्रवाची वाफ ओढायच्या ई-सिगारेटकडे, वळलेल्यांनाही नागपुरात टपरीवरच्या चहाबरोबर तलफ येतेच, कारण ती केवळ निकोटिनची नसते, तर बोटांत धरलेल्या सिगारेटची, धुराची आणि सोबतीचीही असते. व्हेप ही सवय जवळजवळ जशीच्या तशी पुरवतो आणि निकोटिनही झटपट पोहोचवतो. तलफ चटकन शमते ती त्यामुळेच, आणि पुढे व्हेप सुटत नाही तोही त्यामुळेच. शिवाय २०१९ च्या कायद्याने भारतात त्याची विक्री, आयात व साठवणूक बंद असल्याने, चोरून मिळणाऱ्या द्रवात नेमके काय आहे याची हमी कोण देणार?

२ मिलिग्रॅम निकोटिनचा चघळायचा गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. तो सावकाश काम करतो. मात्र आपल्याकडे अनेकजण तो खर्ऱ्यासारखा सतत चघळतात आणि मग उचक्या लागल्याची तक्रार करतात. तिखटसर झणझण जाणवताच तो गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवावा, झणझण ओसरली की पुन्हा चावावा, असे सुमारे अर्धा तास करावे. कॉफी किंवा संत्र्याच्या रसाने तोंडातील आम्लता वाढून निकोटिन नीट शोषले जात नाही, म्हणून त्यानंतर १५ मिनिटे थांबावे. माझा कौल गमलाच आहे, जरी रिकाम्या हाताची चुळबुळ त्याने थांबत नाही.