नाचणी सत्त्व, बचत गटाचं पाकीट : चव छान, कॅल्शियमचा दावा फुगवलेला

मोड आणून, वाटून, गाळून वाळवलेलं सत्त्व. रंग फिकट, वास ताजा, कचकच नाही. पण पाकिटावरच्या ‘भरपूर कॅल्शियम’मध्ये गोम आहे. १०० ग्रॅम अख्ख्या नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं खरं, पण त्यातलं बरंचसं सालीत, तंतूही तिथेच. गाळताना दोन्ही चोथ्याबरोबर जातं, उरतो मुख्यतः स्टार्च. तो झटकन पचतो, म्हणून आजारपणात उत्तम. मधुमेह असेल तर अख्ख्या पिठाची भाकरीच बरी.

दोन चमचे सत्त्व आधी अर्धी वाटी गार पाण्यात कालवा. थेट उकळत्यात टाकलंत की गुठळ्या ठरलेल्या. मग वाटीभर दूध घालून मंद आचेवर पाच-सहा मिनिटं ढवळा. नुसत्या पाण्यातल्या पेजेत प्रथिनं नावालाच. साखर मिसळलेलं पाकीट मात्र घेऊ नका.