कॅसिनो वॉर सेमेटरी, इटली: रोमला गेलात तर यशवंत घाडगेंचं नाव बघून या (५/५)

रोमला जाणाऱ्या आपल्या लोकांना मनापासून सांगते, एक दिवस काढा आणि कॅसिनो गावाला जाच. रोम टर्मिनीवरून रीजनल ट्रेन मिळते, दोनेक तास लागतात. बरेच जण डोंगरावरचा मठ बघतात, फोटो काढतात आणि परत फिरतात, खाली ही दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांची सेमेटरी राहूनच जाते आणि ते मला फार लागतं, कारण रायगडमधल्या माणगाव तालुक्यातल्या आपल्या माणसाचं नाव तिथे दगडात कोरलंय.

नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक), पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर, म्हणजे छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला, कमांडर सोडून सगळे पडले, कोणी ठार कोणी जखमी. कमांडर म्हणजे हेच. एकटे धावत गेले, ग्रेनेड टाकून मशीनगन आणि ती चालवणारा गार केला, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळच नाही म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं. मग स्नायपरच्या गोळ्या लागल्या आणि जिंकलेल्या त्याच जागी प्राण सोडला. वय फक्त २२ हो!

महत्त्वाचं म्हणजे त्यांची कबर सापडलेली नाही, त्यामुळे कबरींच्या रांगांत शोधत बसू नका. आवारातच कॅसिनो मेमोरियल आहे, हिरव्या संगमरवरी खांबांवर ज्यांच्या कबरी माहीत नाहीत अशा ४००० हून जास्त जवानांची नावं आहेत, त्यात बघायचं. जायच्या आधी या कबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर नाव टाकून पॅनल नंबर लिहून घ्या, फुकट आहे. स्वतःच्या घरातलं कोणी शोधत असाल तर आडनावाची इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा, तेव्हाच्या कारकुनांनी जसं ऐकलं तसं लिहिलंय. इथे नाही मिळालं तरी धीर सोडू नका, दहन झालेल्या भारतीय जवानांची वेगळी स्मारकं इटलीत आहेत, सांग्रो नदीजवळच्या एकट्या स्मारकावर ५०० च्या वर नावं आहेत.

देखभालीला पैकीच्या पैकी मार्क. हिरवळ कापलेली, कडेने फुलझाडं, अधिकारी असो की शिपाई सगळ्यांचे दगड सारख्याच मापाचे, हे मला सगळ्यात आवडलं. तिकीट नाही. उन्हाळ्यात टोपी आणि पाणी न्या, कबरींमध्ये सावली फार नाही.

वेळ असेल तर उंब्रियात मोंतोनेलाही जा, लांब आहे पण २०२३ मध्ये तिथे घाडगेंच्या नावाने सनडायल उभारलंय. आणि इटली जमत नसेल तर मुंबई-गोवा हायवेवर माणगावला त्यांचा पुतळा आहे, कोकणात जाताना पाच मिनिटं गाडी थांबवा आणि मुलांना हे सगळं सांगा.