कुत्र्याच्या निवाऱ्याला पत्रा की पिंप?

कोकणात राखणीचा कुत्रा पावसाळाभर बाहेरच असतो. त्याला पत्र्याचं खोपटं ऐसपैस होतं, पण मे महिन्यात ते तापतं आणि पावसात आत वाऱ्याबरोबर झड येते. त्यापेक्षा २०० लिटरचं प्लास्टिकचं पिंप आडवं टाकलेलं बरं. मात्र त्यात आधी रसायन भरलेलं नसावं. खाली विटा लावा, आडव्या पिंपाच्या खालच्या बाजूला भोकं पाडा, तोंड पूर्वेकडे ठेवा. पाऊस नैर्ऋत्येचा असतो. उन्हाळ्यात तेही सावलीतच हवं. आत गोणपाट नको, ते भिजलं की दिवसभर ओलंच राहतं आणि बिचारा त्यावरच बसतो. भाताचा कोरडा पेंढा घाला, कुबट वास आला की लगेच बदला. कुत्रा थोराड असेल तर मात्र पत्राच, वर झावळ्या घालून.