डी ग्रमंड संग्रहातले खर्डे: पेटी मागवण्याआधी सूची वाचा

बालसाहित्याचे कच्चे खर्डे बघायचे असतील, तर अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात हॅटिसबर्गला, सदर्न मिसिसिपी विद्यापीठात असलेला डी ग्रमंड संग्रह फार मोलाचा आहे. ग्रंथालयशास्त्र शिकवणाऱ्या लीना यंग डी ग्रमंड यांनी १९६६ साली लेखक-चित्रकारांना पत्रं लिहून मूळ कागद मागायला सुरुवात केली, त्यातून तो उभा राहिला. बहुतेकांची धाव एझ्रा जॅक कीट्स या अमेरिकी बालसाहित्यिक-चित्रकाराच्या चित्रांकडे असते. आम्ही मात्र छोट्या पेट्या आधी मागवायला सांगू. मुलांसाठी गोष्टी आणि आपल्या मुलखाचा इतिहास असं दोन्ही लिहिणाऱ्या, फारसं नाव न झालेल्या लेखकांचे कागद त्यांत असतात. हाती आलेल्या माहितीतलं मुलांसाठी काय ठेवलं आणि काय गाळलं, हे छापील पुस्तकात कळत नाही, खर्ड्यात कळतं.

प्रत्येक लेखकाच्या कागदांची सूची ऑनलाइन आहे आणि ती खरोखर मेहनतीने केलेली आहे. आधी लेखकाची ओळख, मग कागदांचं वर्णन, शेवटी पेटी आणि फोल्डरचे क्रमांक. २/५ म्हणजे दुसरी पेटी, पाचवं फोल्डर. मागणीत हेच लिहायचं. आकारमान घनफुटात असतं. ०.३० घनफूट वाचून निराश होऊ नका, त्यात सहा-सातशे पानं सहज मावतात. कपाटं वाचकांना खुली नाहीत, तेव्हा हव्या त्या पेटी-फोल्डर क्रमांकांची यादी आधीच पाठवलेली बरी.

घोळ होतो तो क्रमाचा. सूचीत नुसतं ‘टंकलिखित’ म्हटलेलं असलं, तर पहिला खर्डा कोणता आणि प्रेसला गेलेला कोणता, हे आपणच ठरवायचं. वरची तारीख नसेल तर पृष्ठांक बघा. ४२ नंतर ४२अ आलं, की मजकूर मागाहून घुसवलाय. शाई निळसर, अक्षरांच्या कडा पसरट, कागद पातळ असेल तर ती कार्बन कॉपी. त्यावर हाताने केलेल्या दुरुस्त्या मूळ प्रतीवर असतीलच असं नाही, म्हणून दोन्ही मागवा. समासात टाइपाचा आकार आणि ओळीची रुंदी लिहिलेली दिसली, तर ती छपाईची प्रत. चिकटवलेल्या पट्टीखाली जुनी ओळ असते. ती नखाने उचलू नका, कर्मचाऱ्यांना सांगा.

वर्तमानपत्राचं कात्रण ज्या पानाला टेकून राहिलं, त्यावर तपकिरी चौकोन उमटतो, कारण स्वस्त कागदातलं आम्ल शेजारी उतरतं. तो डाग लेखकाची खूण समजू नका. मात्र कात्रण मुळात कुठल्या पानाशी होतं, हे त्यावरून बऱ्याचदा सापडतं.

भारतातून काम करणाऱ्यांनी स्कॅन मागताना ‘सगळं पाठवा’ असं लिहू नये; फोल्डर क्रमांक आणि प्रकरण द्यावं. आणि स्कॅन मिळालं म्हणजे छापायची परवानगी मिळाली असं नव्हे. ती हक्कधारकाकडून, बहुधा वारसांकडून, वेगळी घ्यावी लागते. परवानगी मागणारं ते पत्र स्कॅनच्या मागणीबरोबरच धाडा.