काच बदलून आठ महिने झाले : कॅमेरा कॅलिब्रेशनचा कागद मागून घ्या

परवा गोव्यात वेर्ण्याला आमच्या कंपनीतल्या एकाच्या गाडीची पुढची काच गेली. तो नव्या काचेसाठी दुकानात विचारून आला आणि म्हणाला, "कॅमेऱ्याचं काही करायला नको म्हणाले. डॅशबोर्डवर लाइट पेटली नाही तर सगळं ओके." हेच वाक्य गेल्या मे महिन्यात मलाही ऐकवलं होतं. त्यावर विश्वास ठेवून मी साडेतीन महिने वाकडं बघणाऱ्या कॅमेऱ्यावर गाडी चालवली. आई मागे बसलेली असताना चालवली. म्हणून सविस्तर लिहितोय. गाडी कोणती, फीचर्स कोणती, ते सांगत बसत नाही. लेन असिस्ट (गाडी पट्ट्यांच्या आत धरून ठेवणारी सोय) आणि ऑटो ब्रेक (धडक टाळायला स्वतःहून लागणारा ब्रेक) असलेल्या बहुतेक गाड्यांत आरशामागे काचेला टेकून तो कॅमेरा असतो, आणि त्याची नजर मोजून पुन्हा सरळ लावणं म्हणजे कॅलिब्रेशन, तेवढं पुरे.

माझी काच धारगळजवळ गेली. पुढे चिऱ्यांचा ट्रक होता, त्यावरून एक तुकडा उडाला. खाली डाव्या कोपऱ्यात पाच रुपयांच्या नाण्याएवढी चांदणी पडली. तेव्हाच रेझिन भरून घेतलं असतं तर कदाचित भागलं असतं. मी आठवडा घालवला. मेच्या उन्हात गाडी दिवसभर तापली, संध्याकाळी एसी फुल केला आणि घरी पोचेपर्यंत चीर अर्ध्या काचेपर्यंत पळाली.

आता पैशांचं. माझा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) ३५ टक्के होता, पुढच्या रिन्यूअलला ४५ झाला असता. काचेला डेप्रिसिएशन (जुनेपणाची वजावट) लागत नाही आणि १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची कपात, म्हणजे आपल्या खिशातून द्यायची रक्कम, १,००० रुपये, त्यामुळे क्लेम स्वस्त दिसतो. पण क्लेम केला की बोनस शून्यावर येतो आणि पुन्हा २०, २५, ३५ असा चढत जावा लागतो. माझा ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा) प्रीमियम साधारण १४,००० आहे. पाच वर्षांचा फरक मांडला तर १६,८०० रुपये जातात, त्यात ते १,००० मिळवा, १७,८०० झाले. बाहेरच्या दुकानात काच बसवून १२,८०० ला मिळत होती. मी बाहेर गेलो. बोनस प्रोटेक्ट (क्लेम केला तरी बोनस टिकवणारं जादा कवच) घेतलेलं असेल तर हा हिशेब तुम्हाला लागू नाही, तुम्ही सरळ क्लेम करा.

फोंड्याकडच्या त्या दुकानाचं काचेचं काम उत्तम होतं, हे आधीच सांगतो. जुना गम कापून काढला, प्रायमर लावला, दोघांनी सक्शन कप धरून काच एका झटक्यात जागेवर बसवली. चोवीस तास टेप काढू नका, दार आपटू नका, एक खिडकी बोटभर उघडी ठेवा, हे स्वतःहून सांगितलं. पावसाळ्याच्या तोंडावर गम वाळेल का, अशी मला धास्ती होती. तो गम हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, लावताना पृष्ठभाग तेवढा कोरडा हवा, हे त्यांनीच समजावलं. फास्टॅग मात्र जुन्या काचेबरोबर गेला. तो सोलून परत लावता येत नाही, बँकेकडून नवा मागवावा लागतो. बेळगावला निघायच्या आदल्या रात्री आठवण्यापेक्षा आधीच मागवा.

फक्त कॅमेऱ्याचं विचारलं तेव्हा उत्तर आलं, "काढला तसाच लावला, लाइट नाही." अधिकृत सर्व्हिस सेंटरने फोनवर कॅलिब्रेशनचे ६,४०० सांगितले होते. लाइट पेटलेली नसताना ६,४०० द्यायचे, ही मला सरळ लूट वाटली. त्या वेळी मी तसं चार जणांना सांगितलंही. ते चौघे हे वाचत असतील तर माझं तेव्हाचं मत कृपया विसरा.

मी साखळीहून वेर्ण्याला रोज जातो. आमोणा पूल, माशेल, बाणस्तारी, जुने गोवे इथपर्यंत लेन असिस्टचा काही संबंध येत नाही. रस्ता अरुंद, पट्टे पुसलेले, स्क्रीनवरची रेघ राखाडीच राहते. खरी परीक्षा पुढच्या हायवेवर आणि जुवारीच्या नव्या पुलावर. तिथे पट्टे ठळक आहेत आणि गाडी साठच्या वर असते. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिथेच जाणवलं की गाडी लेनच्या मधोमध राहत नाही, डाव्या पट्ट्याकडे सरकून चालते. उजवीकडे जरा झालं की स्टिअरिंग लगेच थरथरतं, डावीकडे पट्टा चाकाखाली आला तरी गप्प. मी ते वाऱ्यावर ढकललं, पावसावर ढकललं. एका रविवारी आई मागून म्हणाली, "अरे, तू कठड्याला लागून का चालवतोयस?" मी चालवत नव्हतो, गाडी चालवत होती. त्या दिवशी लेन असिस्ट बंद केलं. ऑटो ब्रेक मात्र चालूच ठेवला, आणि तोही त्याच कॅमेऱ्यावर अवलंबून आहे हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

घरी बसून गणित केलं. कॅमेरा एका अंशाने वळला असेल तर ५० मीटरवर त्याची नजर ८७ सेंटिमीटर सरकते आणि १०० मीटरवर पावणेदोन मीटर. हायवेची लेन साडेतीन मीटरची. म्हणजे शंभर मीटरवरची गाडी माझ्या लेनमध्ये आहे की शेजारच्या, यातच अर्ध्या लेनची चूक. आरशामागे हा एक अंश डोळ्यांना दिसत नाही. आणि डॅशबोर्डवर लाइट का पेटत नाही, तेही इथेच कळतं. कॅमेऱ्याला वीज मिळतेय, चित्र दिसतंय, वायर जोडलेली आहे, म्हणजे त्याच्या लेखी सगळं ठीक. आपण थोडे वाकडे बसलोय हे त्याला कुणी सांगितल्याशिवाय कळेलच असं नाही. काही गाड्या काच बदलल्यावर स्वतःहून एरर देतात, माझी देत नाही. ज्यांची देत नाही त्यांनी जास्त काळजी घ्यायची, एवढंच मला म्हणायचं आहे, आणि मी ते या लेखात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे.

ऑगस्टच्या मध्यावर अधिकृत सेंटरमध्ये गाडी नेली. पहिल्या दोन फेऱ्या "बाब, फाल्यां" (साहेब, उद्या) मध्ये गेल्या. टार्गेट बोर्ड (कॅलिब्रेशनसाठी कॅमेऱ्यापुढे ठेवायची खुणांची पाटी) दुसरीकडे होता. तिसऱ्या वेळी काम झालं, पण कसं? बाहेरच्या पत्र्याच्या शेडखाली, जिथे पाणी वाहून जावं म्हणून फरशीला उतार दिलेला आहे. बाहेर पाऊस, ओल्या फरशीवर उजेडाचं चकाकणं, वाऱ्याने बोर्ड हलतोय म्हणून एक मुलगा तो धरून उभा. वीस मिनिटांत "झालं सर". ६,४०० भरले.

मी रिपोर्ट मागितला. "सिस्टीममध्ये आहे, सर." मला कागदावर पाहिजे. "तसा आम्ही देत नाही." मी काउंटरवरून हललो नाही. सव्वा तास थांबलो. चाकांच्या अलाइनमेंटचा लाल-हिरवा कागद न मागता हातात देतात, बॅटरी तपासली तरी चिठ्ठी देतात. मग जी गोष्ट माझ्या वतीने ब्रेक मारणार आहे तिचा कागद का नाही? शेवटी मॅनेजर आले आणि एक पान छापून मिळालं. त्यावर गाडीचा नंबर, तारीख आणि एक शब्द : पूर्ण. आधीची किंमत नाही, नंतरची नाही. टायरच्या हवेची आणि अलाइनमेंटची ओळ होती, रिकामी.

दुसऱ्या दिवशी जुवारी पुलावर गाडी पुन्हा डावीकडेच. थोडी कमी, पण डावीकडेच.

इथे माझा संशय पूर्णपणे काचेवर गेला. बाहेरची काच, कॅमेऱ्याचा ब्रॅकेट एखाद मिलिमीटर सरकलेला असणार, कॅमेऱ्यापुढचा काचेचा भाग लाटालाटांचा असणार, पाच हजार वाचवले त्याची ही शिक्षा, असं मी ठरवूनच टाकलं. फोंड्याच्या दुकानदाराला फोनवर जरा चढ्या आवाजात बोललो. ते मी मागे घेतो आणि त्यांना फोन करून तसं सांगितलंही आहे. काच ठीक होती. ब्रॅकेटही ठीक होता.

गणेश चवथीनंतर त्याच सेंटरच्या दुसऱ्या शाखेत गेलो. पहिल्या कागदावरच्या रिकाम्या ओळी दाखवल्यावर त्यांनी काम पुन्हा, पैसे न घेता करायचं कबूल केलं. तो कागद नसता तर मी कशाच्या जोरावर बोललो असतो? तिथला तंत्रज्ञ डिचोलीकडचा, पंचविशीतला मुलगा. त्याने कॅमेऱ्याला हातही न लावता आधी चारही टायरची हवा बघितली. मग डिकी उघडायला लावली. आत नारळांची गोणी होती, ती उतरवली. टाकी अर्धी होती, ती भरून आणायला पाठवलं. गाडी मागून बसली किंवा उठली की कॅमेऱ्याची नजर वर-खाली होते, हे सांगितलं. मग अलाइनमेंट, त्याचे ९०० मी भरले, आणि घोळ तिथेच सापडला. मागची चाकं गाडीला ज्या दिशेला ढकलतात ती रेघ गाडीच्या मध्यरेषेपासून किंचित हटलेली होती आणि स्टिअरिंगचा सेन्सर सरळ चालतानाही शून्य दाखवत नव्हता. पावसाळ्यातल्या खड्ड्यांची कृपा. स्टिअरिंग जरासं डावीकडे धरावं लागायचं, मी ते रस्त्याचा उतार समजत होतो. आमच्या गाडीत मागचा एक्सल अ‍ॅडजस्ट होत नाही, म्हणून पुढची चाकं त्या रेघेला जुळवली, स्टिअरिंग सरळ केलं, सेन्सर शून्यावर आणला. यानंतर कॅमेरा.

शटर खाली, सगळे दिवे चालू, सपाट फरशी. त्याने गाडीच्या पुढच्या लोगोवरून ओळंबा सोडला, मागच्या लोगोवरून सोडला, फरशीवर खुणा केल्या आणि खडूची दोरी ताणून मध्यरेषा मारली. माझे वडील गवंडी होते. चिऱ्याची भिंत उभी करताना ते जसा ओळंब्याकडे एक डोळा मिटून श्वास धरून बघायचे, तसाच हा मुलगा बघत होता. ओळंबा पूर्ण थांबेपर्यंत त्याने खूण केली नाही. मला तेव्हाच खात्री पटली की या वेळी काम बरोबर होणार. टेपने अंतर दोनदा मोजलं, बोर्डची उंची लेझरने लावली. या सगळ्याला दीड तास लागला. स्कॅनरवरचं प्रत्यक्ष कॅलिब्रेशन दहा मिनिटांच्या आत संपलं. पुढच्या वेळी कुणी तुम्हाला वीस मिनिटांत "झालं" म्हणालं, तर मांडणीला किती वेळ दिला ते विचारा.

रस्त्यावर चालवून करायचा भाग त्या दिवशी झाला नाही. त्याला कोरडा रस्ता आणि ठळक पट्टे लागतात, आणि सरी थांबत नव्हत्या. चार दिवसांनी ऊन पडलं तेव्हा तो स्कॅनर जोडून शेजारी बसला, मी हायवेवर एका वेगाने चालवत राहिलो, आणि मग हिरवी खूण आली. रिपोर्ट त्याने न मागता दिला : कॅमेऱ्याचा डावा-उजवा कोन आणि वर-खालचा कोन, आधी आणि नंतर. डावा-उजवा कोन आधी एका अंशाच्या जवळ होता, नंतर शून्याच्या अगदी शेजारी. ६,४०० रुपयांचं मोल मला तो कागद हातात आल्यावर पटलं.

तेव्हापासून साडेचार महिने. पुलावर गाडी मधोमध चालते, दोन्ही बाजूंचा इशारा सारख्याच वेळी येतो. डिसेंबरात काळ्या पाटीची भाड्याची गाडी आगशीला अचानक डावीकडून पुढे घुसली, तेव्हा ब्रेक माझ्या पायाच्या आधी लागला आणि बरोबर तिच्यासाठी लागला. रात्री रस्त्यात बसलेल्या गुरांच्या बाबतीत मी ऑटो ब्रेकवर अजूनही भरवसा ठेवत नाही, चोर्ला घाटात लेन असिस्ट बंदच ठेवतो. पावसाचा सेन्सर मात्र बिघडलेलाच आहे. त्याच्या जेलच्या पॅडमध्ये बुडबुडा राहिलाय, कोरड्या काचेवर वायपर एकदा फिरतो. पॅड मागवला आहे.

एकूण खर्च : काच १२,८००, कॅलिब्रेशन ६,४००, अलाइनमेंट ९००. म्हणजे २०,१००. क्लेम केला असता तर पाच वर्षांत मिळून १७,८०० गेले असते, आणि एस्टिमेटमध्येच कॅलिब्रेशनची ओळ घालून घेतली असती तर विमा कंपनीच्या सर्व्हेअरला त्याचं विचारता तरी आलं असतं. हा हिशेब मी मेमध्ये मांडला तेव्हा त्यात कॅलिब्रेशनचा रकानाच नव्हता.

तो सहकारी शनिवारी काच बसवायला जाणार आहे. माझ्या दोन्ही रिपोर्टच्या झेरॉक्स त्याला दिल्या आहेत, एक रिकाम्या ओळींचा आणि एक भरलेला. गाडी ताब्यात देण्याआधी दोन्ही काउंटरवर ठेव आणि यातला कुठला मिळणार ते विचार, असं सांगितलंय.