गाडी माझ्या नावावर, विमा जुन्या मालकाच्या

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जुनी गाडी घ्यायची म्हटली की निम्मे लोक कोल्हापूर गाठतात. मीही तेच केलं. एमएच-०९ ची, चार वर्षं पूर्ण न झालेली हॅचबॅक. दलालानं किमतीखेरीज 'पेपरचे' म्हणून वेगळे पैसे घेतले. त्यात एनओसी, आरसी आणि इन्शुरन्स ट्रान्सफर असं सगळं आलं. "पावनं, इन्शुरन्स फुल हाय, झिरो डेप हाय. नुसतं नाव बदलायचं." झिरो डेप म्हणजे भागांच्या घसाऱ्याची कपात टाळणारं जादा कव्हर.

आरसी खरंच झाली, केए-२२ नंबरही पडला. इन्शुरन्सची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर आली. वर माझं नाव, नंबर मात्र जुना. विचारलं तर म्हणाला, नंबर रिन्यूअलला बदलतो.

पावसाळ्यात जांबोटी रोडला झाडाची मोठी फांदी बॉनेटवर पडली. माणसं वाचली, गाडीचं तोंड गेलं. उद्यमबागेतल्या गॅरेजमध्ये नुकसान तपासायला विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. त्यानं पीडीएफवरचा क्यूआर कोड मोबाईलनं स्कॅन केला आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. तिथं जुन्या मालकाचं नाव. मग पीडीएफ मोठी करून दाखवली. माझ्या नावाची अक्षरं बाकीच्या छपाईपेक्षा जरा जाड होती. दलालानं नाव खोडून नवं टाकलं होतं, क्यूआर कोड बदलायचं त्याला सुचलं नसावं.

क्लेम नामंजूर झाला, आणि कंपनीचं त्यात काही चुकलं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १५७ सांगतं की गाडी विकली की विमाही नव्या मालकाकडे गेला असं धरायचं. दलाल लोक हेच ऐकवतात. खरं, ते लागू होतं फक्त थर्ड पार्टीला, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आपोआप येत नाही, सुप्रीम कोर्टानंही तसंच म्हटलंय. त्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते.

दलालानं ते का केलं नाही, हे नंतर कळलं. क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी सूट, म्हणजे एनसीबी, माणसाची असते, गाडीची नव्हे. जुन्या मालकाला ३५ टक्के सूट होती. नाव बदलताना त्या सुटीचा फरक भरावा लागतो, वर ट्रान्सफर फी. माझ्याकडून घेतलेले पैसे तिथं भरण्याऐवजी यानं खिशात घातले.

सर्व्हेअर भला माणूस. क्लेम बसला असता तरी किती मिळालं असतं, तेही त्यानं पेनानं एकेका भागावर बोट ठेवून सांगितलं. बंपर प्लास्टिकचा, निम्मेच पैसे. बॉनेट पत्र्याचं, या वयाच्या गाडीला २५ टक्के कपात. काच पूर्ण. वरून हजार रुपये सक्तीनं आपले. झिरो डेप असता तर भागांवरची कपात टळली असती, पण पॉलिसीत तो नव्हताच, जुन्या मालकानं कधी घेतलाच नव्हता. शेजारी एक गाडी पुराच्या पाण्यात बंद पडलेली उभी होती. मालकानं पाण्यातच पुन्हा स्टार्टर मारला आणि इंजिन गेलं. पूर पॉलिसीत असतो, पण असं गेलेलं इंजिन वेगळं इंजिन कव्हर घेतल्याशिवाय मिळत नाही. त्या बिचाऱ्यालाही कुणीतरी 'फुल' म्हणूनच विकलं होतं.

तेव्हा जुनी गाडी घेताना पीडीएफ दलालाकडून घेऊ नका. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करा, क्यूआर स्कॅन करा, नाव आणि नंबर दोन्ही बघा, आणि पैसे भरलेत तेवढाच प्रीमियम छापलाय का तेही. अॅड-ऑन, म्हणजे झिरो डेपसारखी जादा कव्हरं, पॉलिसीच्या कागदावर नावानिशी लिहिलेली असतात. तिथं नसेल तर नाही.

इथल्या पोलिसांनी व्यवहार कोल्हापूरचा म्हणून तिकडं जायला सांगितलं. विमा लोकपालाचाही उपयोग नव्हता, कारण भांडण कंपनीशी नाही. पण २०१९ च्या ग्राहक कायद्यानं आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, दलाल महाराष्ट्रात असला तरी. बेळगावात ती दाखल केली आहे. दलाल आता स्वतःहून फोन करतो, "मिटवून टाकूया की" म्हणतो. लेखी द्या म्हटलं की फोन ठेवतो.